लेबल सुटते ते फ्रीझरच्या दारात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना आला, महाविद्यालयांना सुट्ट्या लागल्या की रक्तदान शिबिरे कमी होतात आणि रक्ताच्या तुटवड्याची बातमी ठरल्या वेळी छापून येते. दात्यांनी पुढे यावे, शिबिरे वाढवावीत, हे सगळे रास्तच. पण दिलेले, तपासलेले, घटक वेगळे करून साठवलेले रक्त निव्वळ पिशवीवरचे लेबल निघाले किंवा वाचता येईना म्हणून टाकून द्यावे लागते, तेव्हा त्याची बातमी होत नाही. निनावी पिशवी रुग्णाला देता येत नाही, देऊही नये. म्हणून हे पत्र दात्यांविषयी नसून लेबलाविषयी आहे.

आधी एक गैरसमज काढायला हवा. ‘डीप फ्रीझरमध्ये लेबल टिकत नाही’ असे सर्रास म्हटले जाते. खरे तर नीट बसलेले लेबल उणे 30 अंशांवर वर्षभर जागचे हलत नाही. तिथे गम इतका कडक झालेला असतो की लेबल सरकायला वावच नसतो. ते सुटते आत जाण्याआधीच्या किंवा बाहेर आल्यानंतरच्या अर्ध्या तासात. म्हणजे दोष थंडीचा नाही, फ्रीझरच्या दारात काय घडते त्याचा आहे.

प्लाझ्माच्या, म्हणजे पेशी वेगळ्या केल्यावर उरणाऱ्या द्रवाच्या, पिशवीचे उदाहरण घ्या. दात्याकडून 350 किंवा 450 मिली रक्त घेतले जाते ते दोन-तीन जोडपिशव्यांच्या संचात. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून लाल पेशी खाली बसवल्या की वरचा प्लाझ्मा शेजारच्या पिशवीत ढकलतात आणि रक्त घेतल्यापासून 6 ते 8 तासांच्या आत तो गोठवतात. उणे 30 किंवा त्याखाली तो वर्षभर चालतो. दात्याच्या खाटेपाशीच संचातल्या सर्व पिशव्यांवर एकाच क्रमांकाची लेबले लागतात. पिशवी कोरडी, खोलीच्या तापमानाची, त्यामुळे हे पहिले लेबल सहसा दगा देत नाही.

दगा देते ते दुसरे. रक्तगट, मुदत आणि एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस, मलेरिया या चाचण्या झाल्याची नोंद असलेले हे अंतिम लेबल चाचण्यांचे निकाल आल्यावरच लावायचे असते. निकाल येईपर्यंत प्लाझ्माचा दगड झालेला असतो आणि तो ‘न तपासलेले’ अशा वेगळ्या फ्रीझरमध्ये पडून असतो. मग तंत्रज्ञ पिशव्यांचा ढीग टेबलावर काढतो, एकेकीवर लेबल दाबतो आणि दुसऱ्या फ्रीझरमध्ये रवाना करतो.

त्या टेबलावर काय होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. पिशवी बाहेर येताच काही सेकंदांत तिच्यावर पांढरी भुरी चढते. कोकणात पावसाळ्यात 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू 26 अंशांच्या आसपास असतो, म्हणजे 26 अंशांहून गार असलेली कुठलीही वस्तू तिथे ओली होणारच. अंतिम लेबल चिकटते ते या भुरीला, प्लास्टिकला नाही. फ्रीझरमध्ये परत गेले की ती भुरी घट्ट होते आणि लेबल अगदी पक्के बसल्यासारखे दिसते. वर्षभर ते बर्फाने धरलेले असते, गमाने नव्हे. वॉर्डातून मागणी आली, पिशवी 37 अंशांच्या पाण्यात गेली, बर्फ वितळला, की लेबल पाण्यावर तरंगते. अशा वेळी पहिल्या लेबलावरचा क्रमांकही वाचता येईना आणि चार पिशव्या एकाच वेळी वितळायला टाकल्या असतील तर कोणते लेबल कुठल्या पिशवीचे, हे सांगायला कोणी धजावत नाही. वितळलेला प्लाझ्मा पुन्हा गोठवून परत ठेवताही येत नाही.

इथे अंदाजाने काम भागत नाही, कारण प्लाझ्माचा हिशोब लाल पेशींच्या उलटा चालतो. ‘ओ निगेटिव्ह’ गटाच्या लाल पेशी जवळपास कोणालाही चालतात हे बहुतेकांना ठाऊक असते. पण ‘ओ’ गटाच्या प्लाझ्मात ए आणि बी या दोन्हींविरुद्ध प्रतिपिंडे असतात, आणि सर्वांना चालतो तो ‘एबी’चा प्लाझ्मा. औषधे नियमांतील अनुसूची एफमध्ये गटानुसार लेबलाचे रंगही ठरवून दिलेले आहेत: ओ निळा, ए पिवळा, बी गुलाबी, एबी पांढरा. लेबल हरवले की हा रंगही हरवतो. (पिशवीच्या नळीवर उत्पादकाने छापलेला क्रमांक रक्त घेतानाच नोंदवहीत देणगी क्रमांकाशेजारी लिहून ठेवला असेल तर पिशवी कोणाची याचा माग तरी लागतो. ही नोंद जिथे होत नाही तिथे ती उद्यापासून सुरू करावी, तिला निविदा लागत नाही.)

आता गमाकडे वळू. लेबलाचा गम म्हणजे अतिशय दाट द्रवच. तो दाबाने पसरतो, पृष्ठभागाच्या बारीक खाचांत शिरतो, आणि पूर्ण पकड यायला त्याला साधारण 24 तास लागतात. एका ठरावीक तापमानाखाली तो काचेसारखा होतो आणि पसरणेच थांबते. म्हणून प्रत्येक लेबलाला तापमानाचे दोन आकडे असतात. एक, लावताना पृष्ठभाग कमीत कमी किती अंशांचा हवा. दुसरा, एकदा बसल्यावर ते कुठून कुठपर्यंत टिकेल. पुरवठादाराच्या माहितीपत्रकात दुसरा आकडा ठळक असतो, उदाहरणार्थ ‘उणे 40 ते 80 अंश’. लावण्याचे तापमान बारीक अक्षरात तळाशी, बऱ्याचदा अधिक 5 किंवा अधिक 10. खरेदी करणारा ठळक आकडा वाचतो, आपला फ्रीझर उणे 30 चा आहे म्हणून खूश होतो आणि अधिक 10 वर लावायचे लेबल उणे 30 च्या भुरीवर लावले जाते. लेबलाने कबूल केलेले नव्हते ते काम त्याच्याकडून मागितले जाते.

यावर दोन वाटा आहेत आणि दोन्ही एकत्र वापरता येतात. चाचण्यांच्या निकालावर अवलंबून नसलेला सगळा मजकूर, म्हणजे घटकाचे नाव, क्रमांक, रक्त घेतल्याची तारीख, मुदत, प्रमाण, साठवणीचे तापमान, गोठवण्यापूर्वी कोरड्या पिशवीवर लावलेल्या लेबलातच यावा. गट तपासायला फार वेळ लागत नाही, तोही तोवर पक्का झाला असेल तर गोठवण्याआधीच यावा. मग निकालानंतर एक छोटेसे लेबल पुरते. आणि ते छोटे लेबल गोठलेल्या पृष्ठभागासाठीच बनवलेले, उणे तापमानाला लावता येणारे घ्यावे. अशी लेबले मिळतात. मात्र ती मागावी लागतात. लावताना एका वेळी एकच पिशवी बाहेर काढावी, भुरी सुती धागे न सुटणाऱ्या कोरड्या कापडाने पुसावी, लेबल मधून कडांकडे अंगठ्याने दहा सेकंद दाबावे आणि मिनिटाच्या आत पिशवी परत आत. ढीग काढून बसायचे नाही. गोठलेली पिशवी ठिसूळ असते, टेबलावर आपटली तर तडकते, हेही एकेक काढण्याला आणखी एक कारण.

पिशवीचे प्लास्टिक ही स्वतंत्र कटकट आहे. रक्ताची पिशवी पीव्हीसीची असते आणि ती मऊ राहावी म्हणून त्यात प्लास्टिसायझर घातलेला असतो. तो हळूहळू बाहेर झिरपतो, गमात शिरतो आणि गम पातळ करतो. लेबल पडत नाही, पण सरकते, कडेने चिकट द्रव बाहेर येतो आणि शेजारची पिशवी तिला चिकटते. 22 अंशांवर पाच दिवस हलत राहणाऱ्या प्लेटलेटच्या पिशव्यांवर हे सर्वांत आधी दिसते. उलट दिशेनेही हाच प्रवास होतो: गमातले आणि शाईतले घटक पीव्हीसीतून आत रक्ताकडे जाऊ शकतात. म्हणूनच कमी झिरपणाऱ्या, प्लास्टिसायझरला न बधणाऱ्या गमाचे प्रमाणपत्र मागायचे असते, आणि म्हणूनच पिशवीवर थेट मार्करने लिहायचे नसते. लिहायचे तर लेबलावर. आपले लेबल शक्यतो उत्पादकाच्या मूळ लेबलावरच बसवावे. ते लेबल पिशवीबरोबर वाफेच्या निर्जंतुकीकरणातून गेलेले असते, त्याची पकड खात्रीची असते. फक्त उत्पादकाचा लॉट क्रमांक झाकू नये.

साध्या कागदी लेबलाला पाणी लागले की ते फुगते आणि बोटाने सोलले जाते. पिशवीसाठी पातळ पॉलिप्रॉपिलीन फिल्म बरी, ती पिशवीबरोबर वाकते. चौकोनी कोपऱ्यांपेक्षा गोल कोपरे घ्यावेत. सुटायला सुरुवात नेहमी कोपऱ्यापासून होते, आणि दीड-दोन मिलिमीटरची गोलाई दिली की ती सुरुवातच लांबते.

छपाईबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण लेबल चिकटून राहते आणि अक्षर मात्र निघून जाते, असेही होते. उष्णतेने काळा होणारा थर्मल कागद (दुकानातल्या बिलाचा असतो तो) इथे चालत नाही. त्याच्यावर स्पिरिट लागले की अक्षर धूसर होते आणि गरम जागी ठेवला की सगळा कागद काळा पडतो. रिबनने छापायचे तर रिबन तीन प्रकारची: वॅक्स, वॅक्स-रेझिन आणि रेझिन. वॅक्स नखाने खरवडले तरी निघते. फिल्मवर, पाण्यात आणि स्पिरिटमध्ये टिकते ती रेझिन. पण रेझिनला प्रिंटरच्या हेडची उष्णता जास्त आणि वेग कमी लागतो. वॅक्ससाठी लावलेल्या सेटिंगवर रेझिनची रिबन चढवली की अक्षरे अर्धवट उमटतात, ‘महागडी रिबन खराब निघाली’ असा शेरा पडतो आणि पुन्हा वॅक्स येते. रिबन बदलली की सेटिंग बदलायची, एवढे साधे आहे.

बारकोडचे गणितही सोडून देण्यासारखे नाही. सर्वांत बारीक रेघ 0.25 मिलिमीटरची धरली तर 203 डीपीआयच्या (इंचाला 203 ठिपके) प्रिंटरवर ती जेमतेम दोन ठिपक्यांची होते. हेडचा एक ठिपका जळाला की प्रत्येक लेबलावर त्याच जागी एक पांढरी रेघ येते, आणि ती बारकोडच्या रेघांना समांतर असेल तर स्कॅनर क्रमांक वाचतच नाही. रोजच्या पहिल्या लेबलावर अशी रेघ शोधायला पाच सेकंद पुरतात. बारकोडच्या दोन्ही टोकांना रेघेच्या दहापट, म्हणजे अडीच मिलिमीटर, कोरी जागा हवी. तिथे ‘अर्जंट’चा शिक्का मारायचा मोह आवरावा. नमुन्याच्या 13 मिलिमीटर व्यासाच्या नळीवर बारकोड नळीच्या लांबीच्या दिशेने लावावा. आडवा गुंडाळला की टोकाच्या रेघा वळणामागे जातात.

वितळवण्याच्या वेळी पिशवी थेट पाण्यात टाकू नये, बाहेरून दुसरी स्वच्छ प्लास्टिक पिशवी घालावी. हे मुळात पिशवीची तोंडे पाण्यातल्या जंतूंपासून दूर राहावीत म्हणून सांगितलेले आहे, पण त्यात लेबलही कोरडे राहते. 30 ते 37 अंशांत 20 ते 30 मिनिटे लागतात, बाहेरच्या पिशवीमुळे थोडी जास्त. घाईत नेमकी हीच पिशवी गाळली जाते. क्रायोप्रेसिपिटेटच्या (प्लाझ्मातून वेगळा काढलेला, रक्त गोठायला मदत करणारा घटक) बाबतीत लेबलाचे हाल दुप्पट: गोठलेला प्लाझ्मा 4 अंशांवर रात्रभर सावकाश वितळतो, ओल्या अंगाने सेंट्रिफ्यूजमध्ये फिरतो, भांड्याच्या भिंतीला घासतो आणि पुन्हा उणे 30 वर जातो.

कड सुटायला लागली की वरून सेलोटेप मारणे हा आपल्याकडचा राष्ट्रीय उपाय आहे. थंडीत टेप आखडते, कडेने उचकटते आणि जाताना खालचे लेबलही घेऊन जाते. शिवाय आत ओल अडकते आणि टेपच्या चकाकीमुळे स्कॅनर चुकतो. सुटणारे लेबल दिसले की पर्यवेक्षकाला दाखवावे, दोघांनी क्रमांक पडताळून नवे लावावे.

रक्तकेंद्राबाहेर हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. शस्त्रक्रियेच्या साहित्याची पाकिटे ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांना 15 ते 20 मिनिटे किंवा 134 अंशांना 3 ते 4 मिनिटे वाफेत असतात. वाफ पाकिटाच्या कागदी बाजूने आत जाते, म्हणून लेबल कागदावर नव्हे, पारदर्शक फिल्मच्या बाजूवर लावायचे. नाहीतर आपल्याच लेबलाने वाफेची वाट अडते. लसीकरणात कुपीवरचे लेबल भिजून निघते ते व्हॅक्सीन कॅरियरमधल्या बर्फाच्या पाण्यामुळे. कुप्या झिप-लॉक पिशवीत घालायच्या सूचना आहेतच. उघडलेल्या कुपीवर उघडल्याची तारीख-वेळ लिहायची असते, उघडल्यावरही ठेवता येणाऱ्या लसींच्या बाबतीत ती 28 दिवसांपर्यंत वाचता आली पाहिजे. त्यामुळे लेबलाला लिहिण्याजोगा खरखरीत पृष्ठभाग हवा. शिवाय लस उष्णतेने खराब झाली का हे सांगणारा व्हीव्हीएमचा चौकोन पुष्कळ कुप्यांच्या लेबलावरच असतो. लेबल गेले की नावाबरोबर तोही जातो.

द्रवरूप नायट्रोजनची तऱ्हा न्यारी. उणे 196 अंश. सहायक प्रजनन तंत्रज्ञान अधिनियम, 2021 नुसार बीजे आणि भ्रूण दहा वर्षांपर्यंत साठवता येतात, म्हणजे तिथले लेबल दहा वर्षे वाचता आले पाहिजे. साडेबारा मिलिमीटर व्यासाच्या कुपीचा घेर सुमारे 39 मिलिमीटर. 33 मिलिमीटरचे लेबल तिला पुरे वेढत नाही आणि अरुंद वळणावर त्याची टोके उठतात. 45 ते 50 मिलिमीटरचे घेतले तर टोक स्वतःवरच चढून चिकटते आणि ही पकड कुपीवरच्या पकडीहून कितीतरी भक्कम असते. गावोगावी कृत्रिम रेतनासाठी पाव मिलीच्या ज्या कांड्या नायट्रोजनच्या कंटेनरमधून येतात त्या पाहा: त्यांच्यावर लेबलच नसते. वळूचा क्रमांक, जात, केंद्र, तारीख हे सारे कांडीच्या अंगावर थेट छापलेले असते. उरुळी कांचनच्या ‘बाएफ’ या संस्थेने घरोघरी पोहोचवलेले हे तंत्र शेतकऱ्याच्या ओळखीचे आहे. जिथे गमाचा भरवसा नाही तिथे गमच काढून टाकला, हा शहाणपणा.

या सगळ्याचे मूळ खरेदीत आहे. लेबल बहुतेक ठिकाणी ‘छपाई व लेखनसामग्री’ या शीर्षाखाली येते. निविदेत मजकूर एवढाच: ‘स्टिकर लेबल, 100 बाय 100 मिमी, चार रंग, इतके नग’. सर्वांत कमी दराला काम जाते आणि ते योग्यच, कारण मागितलेच तेवढे होते. त्याऐवजी लेबल कशावर लावायचे (प्लास्टिसायझर असलेले पीव्हीसी), लावताना ते किती अंशांवर असेल, नंतर कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती अंश आणि किती काळ, पाणी आणि स्पिरिट लागणार का, कोणत्या रिबनने छापणार आणि किती महिने वाचता आले पाहिजे, एवढ्या ओळी निविदेत घालायला अर्धे पान लागते. नमुना तपासल्याशिवाय पुरवठा आदेश देऊ नये, ही अटही त्यातच.

नमुना तपासायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. मुदत संपलेल्या दहा रिकाम्या पिशव्या घ्या, प्रत्येकीत 150 मिली पाणी भरा. जास्त भरू नका, बर्फ होताना पाणी सुमारे 9 टक्के फुगते. पाच पिशव्यांवर लेबल कोरड्यावर लावा, पाच आधी गोठवून मग भुरी पुसून लावा. उणे 30 वर 24 तास, मग बाहेरची पिशवी न घालता 37 अंशांच्या पाण्यात 30 मिनिटे, मग स्पिरिटच्या बोळ्याने छापील भागावर दहा वेळा घासा, मग स्कॅन करा. हे तीनदा करा. कड दोन मिलिमीटरहून जास्त उठली किंवा एखादा जरी बारकोड पहिल्या झटक्यात वाचला गेला नाही तर नमुना परत. चार दिवसांचे काम आहे आणि कुठल्याही रक्तकेंद्रात होण्यासारखे आहे.

चांगले लेबल घेऊनही ते कुठे ठेवले याला महत्त्व आहे. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखालच्या भांडारात रोल पडले तर गम कडेने बाहेर येतो, रोलच्या बाजूवर धूळ चिकटते आणि तोच गम प्रिंटरच्या हेडवर बसतो. रोल मूळ प्लास्टिक पिशवीत, वीस-बावीस अंशांच्या खोलीत, खोक्यांच्या वजनाखाली न दाबता ठेवावेत आणि रोलवर आल्याची तारीख लिहून जुना आधी वापरावा. गमाचे आयुष्य साधारण दोन वर्षांचे असते, त्यामुळे मार्चअखेरीस निधी संपवण्यासाठी तीन वर्षांची लेबले एकदम घेऊ नयेत.

राज्य रक्त संक्रमण परिषदेला आमची विनंती एवढीच आहे की निविदेतल्या त्या अर्ध्या पानाचा एक मराठी नमुना तयार करून सर्व रक्तकेंद्रांना पाठवावा, आणि खराब झालेल्या पिशव्यांच्या अहवालात ‘लेबल सुटले किंवा वाचता आले नाही’ असा वेगळा रकाना करावा. सध्या किती पिशव्या जातात हे मोजायला जागाच नाही.

आपले,
रक्तकेंद्रांत काम करणारे काही तंत्रज्ञ, अकोला